बरणीवरचा आळ

मी एक जुनी काचेची बरणी आहे. बरणी म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या निम्म्यांचं लक्ष झाकणाकडे गेलं असेल, आत खायला काय आहे म्हणून. काही नाही! माझ्यात खायचं काही कधी कोणी ठेवलं नाही, आणि ठेवलं असतं तर मावशींनी त्याला प्रयोगशाळेच्या बाहेर काढलं असतं. मी चौकोनी आहे, वीतभराहून जरा उंच, जाड काचेची, आणि माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. काल तुम्ही सगळे प्रयोगशाळा बघायला आलात, तेव्हा दोन वेण्यांच्या एका मुलीने माझ्या अंगाला नाक लावलं आणि म्हणाली, "ही तर रिकामीच आहे." मित्रांनो, त्या शब्दाचा मला भारी राग आहे. का ते सांगते, बसा नीट.

माझा जन्म भट्टीतला. पातळ लाल काच साच्यात पडली, थंड झाली आणि मी झाले. तोवर मी इतर चार जणींसारखीच होते. माझं नशीब घडवलं ते काच घासणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने. ओल्या बारीक वाळूने त्याने माझा काठ आणि झाकणाची कड एकमेकांवर दोन दिवस गोल गोल घासली. गुदगुल्या होत होत्या, पण हसायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने झाकण उचललं, तर झाकणाबरोबर मीसुद्धा उचलली गेले! तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आता हिच्या पोटातलं गुपित बाहेर जायचं नाही." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. अजून पाठ आहे.

तिथून मी या प्रयोगशाळेत आले आणि मावशींच्या हाती पडले. मावशी म्हणजे इथली काचेची भांडी धुणाऱ्या, पुसणाऱ्या, सांभाळणाऱ्या. त्या खऱ्या कोणाच्या मावशी, ते कोणाला ठाऊक नाही, पण प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या मॅडमसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. मावशींचा एक नियम होता. कोणी बाटली आणून "ही रिकामी आहे" म्हणालं, की त्या ती बाटली उलटी धरायच्या, हलवायच्या, उजेडाला लावायच्या, मगच धुवायला घ्यायच्या. वर ठरलेलं वाक्य असायचं, "रिकामं म्हणू नये. रिकामं करून बघावं." नवीन विद्यार्थी गालातल्या गालात हसायचे. हसोत बापडे.

आता माझं काम ऐका. माझ्या तळाशी बोटभर द्रव ओततात, तो पाण्यासारखा दिसतो पण पाणी नव्हे. आतून भिंतींना टिपकागद लावतात आणि झाकण बसवून थोडा वेळ मला एकटीला सोडतात, म्हणजे माझं पोट वाफेने काठोकाठ भरतं. मग येते प्लेट. प्लेट म्हणजे पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिलेली काच. तिच्या खालच्या कडेला पेन्सिलने रेघ मारलेली असते आणि त्या रेघेवर केसासारख्या नळीने एकेक थेंब ठेवलेला असतो. पेन्सिलच का? शाई असली तर तीसुद्धा द्रवाबरोबर वर पळत सुटते! प्लेट माझ्यात उभी केली की द्रव हळूहळू वर चढतो आणि थेंबातल्या मंडळींना बरोबर घेऊन जातो. कोणी झरझर चढतं, कोणी अर्ध्यावर बसतं, कोणी जागचं हलत नाही. कोण किती उंचीवर थांबलं त्यावरून ओळखायचं, थेंबात कोण होतं ते.

माझ्याकडे येणाऱ्या मंडळींचं नाव फॉस्फोलिपिड. घाबरू नका, नाव मोठं असलं तरी जीव मुंगीच्या पायातही लाखोंनी मावेल एवढा. प्रत्येकाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. तुमच्या, माझ्या मावशींच्या, झाडाच्या पानाच्या, सगळ्यांच्या पेशींच्या भिंती याच मंडळींनी बांधलेल्या असतात. डोकी पाण्याकडे आणि शेपट्या एकमेकींच्या आडोशाला, अशी ती दाटीवाटीने उभी असतात. या घराण्यात भावंडं बरीच. शेपट्या साधारण सारख्या, फरक मुख्यतः डोक्यात. पूर्ण नावाने हाक मारायची तर तोंडाला फेस येतो, म्हणून इथे सगळे त्यांना पीसी, पीई, पीआय, पीजी असंच म्हणतात.

गंमत पुढे आहे. पेशीत एका भिंतीतलं फॉस्फोलिपिड दुसऱ्या भिंतीत न्यायचं असतं आणि मध्ये असतं पाणी. शेपट्या पाण्यात यायला तयार नाहीत. मग न्यायचं कसं? त्यासाठी हमाल असतात. हे हमाल म्हणजे एका जातीची प्रोटीनं. त्यांच्या अंगात आतून तेलकट असा एक खोल खिसा असतो. हमाल भिंतीला टेकतो, खिशाचं तोंड उघडतं, दोन्ही शेपट्या आत सरकतात, आणि हमाल स्वारीला घेऊन निघतो. पाण्याचा थेंबही शेपट्यांना लागत नाही! पण हमाल कोणालाही उचलत नाही. कोणाला उचलायचं ते त्याला कळतं कसं? याच प्रश्नापायी एकदा माझ्यावर आळ आला.

तेव्हा आमच्याकडे एक ताई संशोधन करत होती. चणीने लहान, चालण्यात घाई, आणि जीभ त्याहून घाईची. तिला झाडाच्या पानातला एक नवा हमाल सापडला होता. तो कोणाला उचलतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. पानातून तो पुरेसा मिळेना, म्हणून तिने तो जीवाणूंकडून बनवून घेतला. जीवाणू म्हणजे तिचे कारखानेच. मग तिने हमालाला एकदा पीसी दिलं, एकदा पीई, एकदा पीआय. उरलेलं धुऊन काढलं आणि हमालाची झडती घेतली. झडती म्हणजे त्याच्या खिशातलं सगळं द्रवात काढून घ्यायचं आणि त्याचा थेंब माझ्यातल्या प्लेटवर ठेवायचा. एका थेंबाची वर चढायची वाट म्हणजे एक ओळ. शेवटची ओळ नुसत्या हमालाची, ज्याला काहीच दिलं नव्हतं. तिला ताई म्हणायची रिकामी ओळ. त्या ओळीत काही दिसता कामा नये.

आणि नेमका तिथेच ठिपका! आयोडीनच्या वाफेत प्लेट धरली की तेलकट असेल ते पिवळं पडतं, तसा रिकाम्या ओळीत स्वच्छ पिवळा ठिपका उमटला. बाकीच्या तीन ओळींतही तोच, त्याच उंचीवर. पीसी, पीई, पीआय यांचा पत्ताच नाही. ताईने हातमोजे बदलले, बोटांचं तेल लागलं असेल म्हणून. ठिपका आला. नळ्या बदलल्या. ठिपका आला. द्रव नवा आणला. ठिपका हजर!

सोमवारी मॅडम आल्या. स्वभावाने कडक, पण मनाने वाईट नव्हेत. प्लेट बघून त्यांनी ताईला स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी समितीपुढे उभं राहायचंय. हा हमाल काय उचलतो ते दाखवता आलं नाही, तर हा विषय बंद करावा लागेल." दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. ताईचा चेहरा एवढासा झाला. मग मॅडमची नजर माझ्याकडे वळली. "किती जुनी आहे ही बरणी? हिच्यातच काहीतरी चिकटून बसलंय. टाकून द्या."

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अहो, घाण माझी असती तर ती प्लेटभर पसरली असती, बरोबर थेंबापासून वर चढून एका जागी शहाण्यासारखी बसली असती का? शुद्ध नमुन्यांच्या, म्हणजे हमालाशिवाय नुसत्या पीसी-पीईच्या, ओळी शेजारी असत्या, तर त्या स्वच्छ राहिलेल्या सगळ्यांना दिसल्या असत्या. पण ताईने जागा वाचवायला नमुने महिन्यापूर्वीच दुसऱ्या प्लेटवर उरकले होते आणि नंतर फुटपट्टीने उंची मोजून तुलना चालवली होती. मला दिसत होतं. पण बोलणार कशी? मला तोंड आहे, जीभ नाही.

मावशींना तर ते फार लागलं. बरणी घाणेरडी म्हणजे त्यांनी धुतलेली बरणी घाणेरडी. त्या नुसतं फडकं पिळत राहिल्या. ताईने मला उचललं आणि दाराजवळच्या फुटक्या काचेच्या खोक्यात ठेवलं. ठेवलं कसलं, घाईत सोडलंच. टक् असा आवाज झाला आणि माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. ते खोकं शुक्रवारी सकाळी गाडी येऊन घेऊन जायची. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. टवक्यापेक्षा आळ जास्त दुखत होता.

माझ्या जागी नवी बरणी आली. दिसायला चकचकीत! पण झाकण नुसतं टेकायचं, बसायचं नाही. वाफ कडेने निसटायची, त्यामुळे द्रव मध्ये भराभर चढायचा आणि कडेला रेंगाळायचा. प्लेटवरच्या सरळ रेघेला आठी पडायची. मंगळवार गेला, बुधवार उजाडला, आणि त्या वाकड्यातिकड्या प्लेटवर रिकाम्या ओळीत काय आलं असेल? तोच ठिपका! खोक्यात पडल्या पडल्या मला असा आनंद झाला की विचारू नका. मी सुटले होते. पण लगेच ताईचं मुसमुसणं कानावर आलं आणि माझा आनंद विरला. ती उंच स्टुलावर बसून नाक पुसत होती.

मावशी बादली घेऊन आल्या. "रडून झालं की सांग, मग बोलू."

"मावशी, दोन्ही बरण्यांत ठिपका येतोय. रिकाम्या ओळीत!"

"त्या ओळीत तू काय घालतेस?"

"काहीच नाही. म्हणजे, नुसता हमाल. रिकामा."

"रिकामा कोणी केला?"

"केला म्हणजे? मी त्याला काही दिलंच नाही ना!"

मावशींनी बादली खाली ठेवली. "तू दिलं नाहीस. पण त्यानं आपणहून घेतलं असेल तर? माझा धाकटा भाऊ शाळेतून आला की आई आधी त्याचे खिसे उलटे करायची. गोट्या निघायच्या, खडू निघायचे, एकदा तर जिवंत बेडकी निघाली. त्याला कोणी दिली होती ती? तुझा हा हमाल इकडे यायच्या आधी राहायला कुठे होता?"

"जीवाणूंत," ताई म्हणाली. जीवाणूंच्या भिंतीसुद्धा फॉस्फोलिपिडच्याच असतात, हे तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती स्टुलावरून अशी उठली की स्टूल आडवं झालं.

जीवाणूंच्या भिंतीत मुख्य भावंडं दोन. पीई पोत्याने, आणि पीजी त्या मानाने चिमूटभर. माझ्यातल्या द्रवात दोघांची उंची जवळजवळ सारखी, पीजी किंचित खाली. एवढ्याशा फरकाचा निवाडा आठ्या पडणाऱ्या प्लेटवर कसा व्हायचा? त्यासाठी झाकण घट्ट बसणारी बरणी लागते. ताईने खोक्याकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "बघतेस काय? काढ माझी बरणी बाहेर."

दोघींनी मिळून मला उचललं. मावशींनी मला तीनदा धुतलं, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि पुटपुटल्या, "माझी गं बाय ती." ताईने माझ्यापुढे चक्क कान धरले. मी तिला तिथल्या तिथे माफ केलं, मी काही डूख धरणारी नाही.

गुरुवारी सकाळी मला नवा टिपकागद लावला. या वेळी ताईने कंजुषी केली नाही. एकाच प्लेटवर चार थेंब शेजारी शेजारी ठेवले. पहिला शुद्ध पीई, दुसरा शुद्ध पीजी, तिसरा काही न दिलेल्या हमालाच्या झडतीचा, चौथा जीवाणूंच्या भिंतीतल्या सगळ्या मंडळींचा. झाकण बसलं. मी श्वास रोखून धरला, वाफेचा एक कणही बाहेर जाऊ दिला नाही. द्रव चढू लागला, आणि त्याची रेघ अशी सरळ की त्या म्हाताऱ्या कारागिराने माझी पाठ थोपटली असती. ताई तासभर उभी होती. मावशी म्हणाल्या, "बस, बघून बघून तो लवकर चढणार नाहीये." ताई काही बसली नाही.

प्लेट बाहेर निघाली, वाळली. या वेळी आयोडीन नाही, तर दुसरा एक फवारा मारला. फॉस्फरस असेल तरच त्याने निळा रंग चढतो, बोटांच्या तेलाला चढत नाही. आम्ही तिघी बघत होतो. आधी काहीच नाही. मग पहिल्या ओळीत वर एक निळा ठिपका. दुसऱ्या ओळीत जरा खाली एक. चौथ्या ओळीत वरचा ठोकळ्यासारखा गडद आणि खालचा फिका. आणि तिसऱ्या ओळीत एकच ठिपका, खालचा! पीजीच्या बरोबरीने, एका रेषेत!

"पीजी!" ताई ओरडली. "मावशी, ढीगभर पीई समोर असताना यानं चिमूटभर पीजी शोधून उचललं! मी विचारायच्या आधीच यानं उत्तर खिशात घालून आणलं होतं, आणि मी ते घाण म्हणून धुवायला निघाले होते!" तिने मावशींना मिठी मारली, मावशींचे हात ओले होते, आणि दोघी गोल फिरल्या.

आरडाओरडा ऐकून मॅडम आल्या. प्लेट त्यांनी खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "बरणी खोक्यातून कोणी काढली?"

"आम्ही दोघींनी," मावशी म्हणाल्या. "फुटक्यांचं खोकं आहे ते. ही फुटलेली नव्हती."

मॅडम हसल्या. "चुकलं माझं, मावशी. तुमचं भांडं स्वच्छ होतं." सगळ्यांसमोर म्हणाल्या बरं का! जीव भांड्यात पडणं म्हणतात, तर मी स्वतःच भांडं, माझा जीव कुठे पडला असेल ते तुम्हीच ठरवा.

शुक्रवारी गाडी आली आणि खोकं मला न घेताच गेलं. दुपारी बोळातून धावत येणारी पावलं ऐकू आली. ताईचीच होती. विषय बंद झाला नव्हता! पुढे वर्षभर आम्ही दोघींनी त्या हमालाचा पिच्छा पुरवला. ताईने आधी त्याचा खिसा खरोखर रिकामा केला, मग सगळी भावंडं एकत्र त्याच्यापुढे ठेवली. पठ्ठ्याने पुन्हा पीजीच उचललं. का, तेही तिने शोधलं. शेपट्या खिशात आत गेल्या तरी डोकं खिशाच्या तोंडाशी राहतं. त्या डोक्यातल्या फॉस्फेटवर ऋण भार असतो, आणि खिशाच्या तोंडाशी धन भाराच्या दोन-तीन जागा टपून बसलेल्या असतात. त्या डोक्याला धरतात. पण धरणं पुरत नाही, डोक्याचा वरचा भागही तिथल्या खाचेत नीट बसावा लागतो. पीजीचं डोकं बसतं, पीईचं बसत नाही. प्रोटीन म्हणजे कड्यांची लांब साखळीच. तिच्यातली खिशाच्या तोंडाशी असलेली एकच कडी ताईने बदलून पाहिली, तर हमालाची ओळखच गेली आणि झडतीत काही निघेना. त्या दिवशी माझ्यातल्या प्लेटवर तिसरी ओळ कोरी आली. खरीखुरी कोरी.

आता माझं काम मोठमोठी यंत्रं करतात. मी कडेच्या फळीवर असते. कधी कधी चुकल्यासारखं होतं, नाही कसं म्हणू? पण मावशी दर सोमवारी मला पुसतात. त्यांचे केस पांढरे झालेत, हात तसेच आहेत. आणि ती घाईची ताई कोण, ओळखलंत का? काल तुम्हाला रांगेत उभं करून, "हात लावू नका, डोळे लावा" असं ओरडणाऱ्या तुमच्या विज्ञानाच्या बाईच त्या.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, तिला धुवा, पुसा, हे तर मी सांगणारच. मी बरणी आहे, दुसरं काय सांगणार? पण त्याहून एक मोठं मागणं आहे. जिथे काही नसायला हवं तिथे काही दिसलं, की लगेच कोणावर आळ घेऊ नका. आधी नीट बघा. कदाचित तेच तुम्ही शोधत असलेलं असेल.

काल त्या दोन वेण्यांच्या मुलीने मला रिकामी म्हटलं, तेव्हा बाई आणि मावशींनी एकमेकींकडे पाहिलं. मावशींनी मला फळीवरून काढून खिडकीत ठेवलं आणि म्हणाल्या, "बघून सांग." मुलगी पुढून बघत राहिली. मग बाजूने आली. मग खाली वाकली, आणि माझ्या मागच्या काचेला आतून टेकून उभी असलेली, खिडकीच्या पांढऱ्या उजेडात मिसळून गेलेली ती जुनी प्लेट तिला दिसली. ठिपके फिके झालेत, पण तिसऱ्या ओळीतला अजून निळा आहे.

"मावशी," ती म्हणाली, "मी मघाशी बोलले ते खोटं. ही भरलेली आहे."